पिट्युटरीचा एमआरआय: आकार आणि कार्य

मेंदूच्या एमआरआय अहवालात पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथीविषयी नोंद आढळली, तर तिचा अर्थ लावण्याचे काम क्ष-किरणतज्ज्ञाकडे सुरू होते. मात्र ते तेथेच संपत नाही. वाटाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी कवटीच्या तळाशी, ‘सेला’ नावाच्या हाडाच्या खोबणीत असते. तिच्या वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेतांची फुली आणि दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड रोहिण्या असल्याने येथे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो आणि म्हणूनच केवळ या भागाचे पातळ छेद वेगळे घेतले जातात.

उभ्या मध्यछेदात ग्रंथीचा मागचा खंड सहसा पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. समोरच्या छेदात ग्रंथीची वरची कड सपाट आहे की फुगीर, तिला मेंदूशी जोडणारा देठ मध्यभागी आहे की कललेला, हे तपासले जाते. त्यानंतर शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊन लागोपाठ प्रतिमा घेतल्या, की निरोगी ग्रंथी लवकर उजळते, तर अडेनोमा, म्हणजे ग्रंथिपेशींची बहुधा कर्करोग नसलेली गाठ, सुरुवातीला तिच्या तुलनेत काळसर राहते. अशी गाठ 10 मिलिमीटरहून लहान असल्यास मायक्रोअडेनोमा, अन्यथा मॅक्रोअडेनोमा म्हणतात.

प्रतिमेवरून आकार कळला, तरी कार्य कळत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडलेली लहान गाठ अनेकदा निरुपद्रवी असते, तर कुशिंगच्या आजारात कॉर्टिसॉल वाढवणारी गाठ इतकी सूक्ष्म असू शकते की ती एमआरआयमध्ये दिसतच नाही. त्यामुळे प्रोलॅक्टिन, सकाळचे कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि आयजीएफ-1 यांच्या रक्तचाचण्या आवश्यक ठरतात. त्यांतही प्रोलॅक्टिन गरोदरपणात, थायरॉइडच्या कमतरतेत आणि काही मानसोपचाराच्या किंवा उलटीवरील औषधांनीही वाढत असल्याने चालू औषधांची चौकशी आधी करावी लागते. मोठी गाठ दृष्टिचेतांना टेकली असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणीही करतात, कारण समोरचे अक्षर स्पष्ट वाचणाऱ्या रुग्णाला दोन्ही बाहेरच्या कडांचे दिसेनासे झालेले असू शकते.

याउलट, शीहान विकारात गाठ नसते. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो, ती आक्रसते आणि पुढे एमआरआयमध्ये सेला रिकामी दिसते. रिकामी सेला निरोगी व्यक्तीतही आढळत असल्याने निदान ठरते ते प्रसूतीनंतर दूध आले का, पाळी पुन्हा सुरू झाली का, या प्रश्नांवरून आणि संप्रेरकांच्या मोजमापावरून. थायरॉइड व कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील, तर कॉर्टिसॉलची उणीव आधी भरून काढावी लागते. हा क्रम चुकल्यास जिवावर बेतू शकते आणि तो एमआरआय अहवालावरून कळत नाही.