मूळ वही कोणाकडे?

मी कवितेचा माणूस. बी.ए. मराठी घेऊन केलं. विज्ञान दहावीलाच सुटलं. पहिल्या संग्रहाच्या वेळी निवडक कविता मी नव्या वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवल्या आणि जुनी वही रद्दीत घातली. पुढे अम्मीवरची एक कविता आठवली. ती नव्या वहीत नव्हती. दोन ओळी तेवढ्या आठवतात, बाकीचं गेलं.

ही हळहळ भाचीला सांगितली. ती प्राणिशास्त्र शिकते. म्हणाली, "मामू, तुमच्यापेक्षा घोड्याच्या पोटातला जंत शहाणा. तो मूळ वही जपतो."

तिनं समजावलं ते असं. निम्मा डीएनए आईकडून, निम्मा बापाकडून येतो आणि फलित अंड्यात वही पूर्ण होते. पेशी दुभंगण्याआधी या वहीची अख्खी नक्कल होते. दोन्ही नव्या पेशींना एकेक प्रत मिळते. सुरुवातीला पेशी लहान लहान होत जातात, वही मात्र तेवढीच जाड राहते. म्हणून आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. डोळ्याच्या पेशीत यकृताचीही पानं असतात, फक्त मिटलेली. १९९६ मध्ये 'डॉली' मेंढी जन्मली ती कासेतल्या पेशीच्या केंद्रकातून, कारण तिथंही वही पुरी होती.

जंताची रीत वेगळी. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १८८७ मध्ये ती प्रथम सांगितली. या जंताच्या एका जातीत फलित अंड्यात अवघी दोन गुणसूत्रं असतात, त्यामुळे नजर ठेवणं सोपं. अंड्याच्या दोन पेशी होतात. पुढच्या विभाजनात एकीच्या गुणसूत्रांचे तुकडे होतात आणि त्यांची टोकं नष्ट होतात. दुसरी काहीच टाकत नाही. ती दुभंगली की पुन्हा तेच: एक पानं फाडते, एक जपते. शेवटी जपणाऱ्या पेशीपासूनच पुढच्या पिढीची अंडी आणि शुक्रपेशी बनतात. शरीराच्या बाकी पेशींनी ८० टक्क्यांहून अधिक डीएनए टाकलेला असतो.

समुद्री लॅम्प्री हा जबडा नसलेला मासाही गर्भावस्थेत सुमारे २० टक्के डीएनए टाकतो. टाकलेल्या भागात बरीचशी पुनरुक्ती असते. पण काही जनुकं फक्त जननपेशींच्या कामाची असतात. माणसाच्या काही कर्करोगांत अशी जनुकं भलत्या ठिकाणी जागी झालेली दिसतात. आपण ती पानं मिटून ठेवतो, लॅम्प्री फाडूनच टाकतो. मात्र फाडलेलं परत येत नाही. जंताच्या कातडीच्या पेशीतून दुसरा जंत घडवता येणार नाही.

मी म्हटलं, "म्हणजे फाडणं चुकीचं नव्हतं?"

"नाही मामू," ती म्हणाली, "पण एकीनं तरी सगळं ठेवायला हवं होतं."

आता मी कविता हवी तशी खोडतो. खोडलेली वही मात्र कपाटात असते.