जनारोग्य आणि आपला जिल्हा (लेखांक आठवा) : मुलांच्या दातांची तार

गेल्या आठवड्यात शिधापत्रिका, आधारपत्र आणि रुग्णालयातील आरोग्यमित्र या तीन पायऱ्या चढून रोगी शासकीय आरोग्यविम्याच्या दारात कसा पोहोचतो, याचे विवेचन आपण केले. आज ज्या बाबीचा विचार करावयाचा आहे, तिच्यासाठी त्या तिन्ही पायऱ्या चढून गेलेला बाप बहुधा रिकाम्या हाताने परततो. ती बाब म्हणजे मुलाच्या वेड्यावाकड्या दातांना बसवावयाची तार.

हा विमा देणाऱ्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत झाला आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यासह साऱ्या राज्यास लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० साली केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी राज्यातील सर्व कुटुंबांना देण्यात आली. एवढ्या विस्तृत तरतुदीत तारेलाच जागा का नसावी, याचे उत्तर योजनेच्या घडणीत आहे. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. अपघाताने मोडलेला जबडा, सांधा जखडल्याने न उघडणारे तोंड, दुभंगलेला ओठ वा टाळू यांवरील शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. परंतु केवळ सुधारणेसाठी किंवा सौंदर्यासाठी केलेले दंतोपचार आयुष्मान भारतच्या नियमांत वगळलेल्या बाबींमध्ये नमूद आहेत, आणि तारेचा उपचार तर दीड-दोन वर्षे महिन्याच्या महिन्याला जाऊन घ्यावयाचा असल्यामुळे दाखल होण्याच्या अटीतही तो बसत नाही.

सार्वजनिक खजिन्यातून आधी कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा रोगी वाचवावा, हे तत्त्व कोणीही मान्य करील. परंतु ‘सौंदर्य’ या एकाच शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशी मुले एकत्र लोटली जातात, हे मात्र मान्य करता येत नाही. एखाद्या मुलीचा एक दात किंचित तिरपा असतो, तर दुसऱ्या मुलाचे वरचे दात इतके पुढे आलेले असतात की त्याचे ओठ मिटत नाहीत, खेळताना पडला की तेच दात आधी फुटतात, खालचे दात टाळूला टोचून जखम करतात आणि भाकरीचा घास धड चावताही येत नाही. पहिलीची तार ही हौस म्हणता येईल. दुसऱ्याची तार हा उपचार आहे.

आणि तिसरे मूल याहून दुर्दैवी असते. ओठ किंवा टाळू दुभंगलेले बाळ जन्मास आले की ‘ग्रहण लागले’ असे म्हणून आईला दोष देण्याची रीत आजही पुरती सरलेली नाही. सुदैवाने त्या बाळाच्या ओठावर तीन ते सहा महिन्यांच्या आणि टाळूवर नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करता येते, आणि तिचा खर्च योजना सोसते. पण हिरडीतही भेग असेल, तर त्या मुलाचा उपचार तेथे संपत नाही; आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा उगवण्यापूर्वी, त्या भेगेत हाड भरावे लागते आणि त्याआधी आखडलेला वरचा जबडा पुष्कळदा तारेच्या साहाय्याने रुंद करून घ्यावा लागतो. ज्या शासनाने पहिल्या दोन शस्त्रक्रियांचा भार उचलला, त्याने तारेपाशी हात आखडता घेतला, तर आधीचा खर्चही अर्धा वाया जातो.

इतर देशांनी हा गुंता मोजमापाने सोडविला आहे. इंग्लंडात दंतव्यंगाच्या पाच श्रेणी ठरविलेल्या असून अठरा वर्षांखालील मुलांपैकी वरच्या दोन श्रेणींतील मुलांना, आणि दिसण्यातला दोष मोठा असल्यास तिसरीतीलही मुलांना, सार्वजनिक सेवेतून तार मिळते. जर्मनीतही पाच श्रेणी आहेत. तेथे तिसरीपासून पुढे विमा खर्च देतो. पालकाकडून आरंभी पंचमांश रक्कम घेतली जाते आणि उपचार शेवटास नेला की ती त्याला परत मिळते. गरज मोजावी आणि उपचार अर्धवट सुटू नये याचीही तजवीज करावी, ही दोन्ही सूत्रे आपल्याकडे आणण्याजोगी आहेत.

तोवर आपल्या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांतील पालकांनी काय करावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा मुलांना तपासते. दुभंगलेला ओठ आणि किडलेले दात या दोन्ही बाबी त्याच्या यादीत आहेत. पथक गावात येईल तेव्हा मूल हजर ठेवावे आणि मिळालेली चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्यांची मुले या तपासणीतून निसटतात. ती परत आल्यावर शिक्षकांनी आणि अंगणवाडीताईंनी त्यांची नावे पथकाला आवर्जून कळवावीत. तारेचा सल्ला मिळालाच, तर राहाता तालुक्यातील लोणी, संगमनेरजवळील घुलेवाडी आणि छत्रपती संभाजीनगर येथे दंतमहाविद्यालये आहेत. त्यांपैकी शेवटचे शासकीय आहे. जेथे विद्यार्थी शिकतात, तेथील खर्च खाजगी दवाखान्याहून सहसा पुष्कळ कमी असतो. जबड्याचे व्यंग असल्यास शस्त्रक्रियेचा कोणता भाग योजनेत बसतो, याचा खुलासा आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावर करून घ्यावा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र घरातच आहे. दुधाच्या दाढा ‘पडायच्याच आहेत’ म्हणून किडू दिल्या जातात. वास्तविक त्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखीत असतात. ती दाढ अकाली काढावी लागली की सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते, मागून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही, आणि पुढे ज्या तारेसाठी आपण विम्याचे दार ठोठावतो तिची गरज कित्येकदा येथेच निर्माण होते. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास प्रत्येक मुलाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवावेत.

शासनाकडे मागणे इतकेच आहे की, तारेला सरसकट होकार किंवा सरसकट नकार देण्याऐवजी व्यंगाच्या श्रेणी ठरवाव्यात, आणि सर्वांत वरच्या श्रेणीत ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांना घ्यावे. ज्या मुलाचा ओठ शासनाने शिवला, त्याला नीट चावता आणि स्पष्ट बोलता येईपर्यंत शासनाने त्याची साथ सोडू नये.