स्तन काढला, मग आता ‘लाईट’ कशाला?

आमच्या वस्तीतल्या एका ताईंचे ऑपरेशन होऊन पूर्ण स्तन काढला. केमोही संपली. मग डॉक्टरांनी लाईट घ्यायला सांगितले, तेव्हा घरच्यांनी आम्हाला विचारले, “गाठीची जागाच काढून टाकली, मग लाईट कशावर देणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तर न मिळाल्याने अनेक घरांत उपचार इथेच थांबतो.

स्तन काढला तरी छातीची त्वचा, स्नायू आणि काखेतल्या व गळ्याखालच्या हाडाजवळच्या ग्रंथी राहतात. कॅन्सरच्या काही पेशी तिथे उरलेल्या असू शकतात. त्या तपासणीतही दिसत नाहीत. लाईट म्हणजे किरणोपचार. हे किरण त्या पेशींची वाढण्याची ताकद मोडतात आणि त्याच जागी आजार परत येण्याचा धोका कमी करतात.

मात्र प्रत्येकीला लाईट लागत नाही. ते ऑपरेशननंतरच्या गाठीच्या रिपोर्टवरून ठरते. काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत कॅन्सर असेल, किंवा गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, तर सहसा लाईट देतात. गाठ लहान आणि ग्रंथी स्वच्छ असतील तर बहुधा गरज नसते. एक ते तीन ग्रंथींत असेल तर वय, गाठीचा प्रकार वगैरे पाहून निर्णय होतो. अशा मधल्या धोक्याच्या सुमारे 1,600 रुग्णांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छातीवर लाईट घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या दहा वर्षांच्या जगण्यात फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायला लाजू नका: “माझ्या किती ग्रंथींत आजार होता? लाईटने मला किती फायदा?” मात्र शेजारणीला लागली नाही म्हणून आपणही सोडायची, असे करू नका. ऑपरेशनच्या आधी केमो झाली असेल तर तेव्हाचे रिपोर्टही दाखवा.

लाईट आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे असते. रोज मशीनवर काही मिनिटेच लागतात. दुखत नाही. हात डोक्याच्या वर ठेवून झोपावे लागते, म्हणून ऑपरेशननंतर शिकवलेला खांद्याचा व्यायाम सोडू नका. छातीवर केलेल्या खुणा पुसू नका. हे किरण अंगात राहत नाहीत आणि कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. लेकरांना कुशीत घ्या, एका ताटात जेवा.

थकवा येतो, त्वचा लाल किंवा काळी पडते, कधी सोलते. तिथे हळद, राख, पावडर, बाम काही लावू नका. सैल सुती कपडे घाला. तंबाखू आणि मिश्री बंद करा. हाताला सूज आली, ताप आला, खोकला किंवा दम लागला तर लगेच दाखवा. आजार डाव्या बाजूला असेल तर हृदय कसे वाचवणार, हेही विचारा.

रोजची मजुरी बुडते, येण्याजाण्याचा खर्च होतो, हे आम्ही जाणतो. म्हणून सुरू होण्याआधीच सोय करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आहेत. रेशन कार्ड व आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेल्वे आणि एसटीत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी करा.

एकदा सुरू केलेली लाईट मध्येच सोडू नका. ठरलेला डोस पूर्ण झाला तरच पूर्ण फायदा मिळतो. नवरा, मुलगा, सासू यांनी त्या काही आठवड्यांसाठी पाणी भरणे आणि चूल वाटून घेतली, तर ताईला रोज रुग्णालय गाठता येईल. औषधाइतकेच तेही गरजेचे आहे.