मुक्या यंत्राला वाचा

शिवणयंत्राचे काम त्याच्या चाकांवर व सुईवर अवलंबून असते. संगणकाचे काम मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या सूचनांवरही चालते. कळफलकावरील अक्षर पडद्यावर उमटविणे, मजकूर जपून ठेवणे, निरनिराळ्या आज्ञावलींना कामे वाटून देणे, ही सारी व्यवस्था पाहणाऱ्या मुख्य आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत. ती बिघडली, की धडधाकट लॅपटॉपही मुका होतो.

असा प्रसंग ओळखून अनेक उत्पादकांनी हार्ड डिस्कच्याच एका राखीव भागात तिची प्रत ठेवण्यास प्रारंभ केला. या प्रतीवरून मालकाने तबकड्या तयार करून ठेवाव्यात, अशी अपेक्षा असे. राखीव भाग नष्ट झाला, तर सारी भिस्त या तबकड्यांवर. परंतु घरी तयार केलेल्या तबकडीत बहुधा रंगद्रव्याच्या पातळ थरावर नोंदी असतात. ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे तो थर कालांतराने खराब होतो. ओरखड्यांनीही वाचन अडते. संचातील एक तबकडी जरी वाचता आली नाही, तरी काम अर्ध्यावरच थांबते.

तथापि, एवढ्याने लॅपटॉप टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या मुख्य फलकावरील एका चिपमध्ये एक लहानशी आज्ञावली कायम वसत असते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणत. नव्या संगणकांत यूईएफआय म्हणतात. वीज मिळताच ती जागी होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा शोध घेऊ लागते. हा शोध पेन ड्राइव्हमध्ये घ्यावा, अशी आज्ञा तिला देता येते. म्हणून दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने, निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेऊन पेन ड्राइव्ह तयार करतात. विंडोजसाठी तो निदान ८ जीबीचा असावा लागतो, आणि त्यावरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो.

विंडोजला परवान्याची खूणही लागते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ती बहुधा चिपमध्येच साठविलेली असते. त्यापूर्वीच्या लॅपटॉपवर ती अंकाक्षरांत छापून तळाशी चिकटविलेली आढळते. मात्र विंडोज ७ ला सुरक्षेसाठी मिळणारे साहाय्य २०२० च्या जानेवारीत थांबले. अशा जुन्या यंत्रावर विनामूल्य मिळणारी लिनक्स बसविणे अनेकदा हितावह ठरते.

या साऱ्या कामात एक क्रम कधीही चुकवू नये. नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविताना हार्ड डिस्कवरील छायाचित्रे, पत्रे व लेख पुसले जाऊ शकतात. ती डिस्क वाचता येत असेल, तर लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवावी, त्या वस्तू दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, आणि मगच पुढील पाऊल टाकावे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रती जगात असंख्य आहेत. आज हरवली, तर उद्या दुसरी मिळेल. आजीचे छायाचित्र मात्र एकच असते. त्याची दुसरी प्रत यंत्र बोलत असतानाच काढून ठेवावी, यातच खरे शहाणपण आहे.