विश्लेषण : ‘घोस्ट हंट’ ते भानामती... भुताटकीचा तपास महाराष्ट्रात कोण करते?

जपानी ॲनिमे मालिकांमध्ये भुताखेतांचा शोध घेणारे तपासनीस भरपूर भेटतात. ‘घोस्ट हंट’मधला काझुया शिबुया हा त्यांपैकी एक. महाराष्ट्रात असा पेशा नाही. मात्र घरावर अचानक दगड पडू लागले, दोरीवरचे कपडे पेटले, तर चौकशी करणारे कार्यकर्ते आहेत आणि कायद्याने नेमलेला अधिकारीही आहे. हा तपास कसा होतो आणि इंदापूर तालुक्यातील अंथुर्णेसारख्या गावात तक्रार कुठे करायची, याविषयी...

शिबुया कोण आहे?

फुयुमी ओनो यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘घोस्ट हंट’ ही २५ भागांची मालिका २००६-०७ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली. अवघ्या १७ वर्षांचा शिबुया झपाटलेल्या म्हटल्या जाणाऱ्या इमारतींत कॅमेरे, ध्वनिमुद्रक आणि तापमान मोजणारी यंत्रे लावतो. पहिल्याच प्रकरणात तो एका शाळेच्या जुन्या इमारतीत जातो. इमारत खचते आहे, कारण तिच्याखालची जमीन खचते आहे, हे त्याला कळते. तिथल्या काही विचित्र प्रकारांमागे भूत नसून एक विद्यार्थिनीच असते. आपल्याला भुते दिसतात असे सांगून तिने इतरांचे लक्ष वेधलेले असते. मालिकेत हे सारे तिच्या नकळत, मनःशक्तीने घडते. ती अर्थातच कल्पना आहे. पण ‘आधी साधे कारण शोधा, मग घरातल्या माणसांकडे पाहा’ हा क्रम खऱ्या तपासाशी जुळणारा आहे.

जपानमध्ये असा खरा तपासनीस होता का?

तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो (१८५८-१९१९) यांना लोक ‘भुतांचे डॉक्टर’ म्हणत. त्यांनी १८८७ मध्ये काढलेल्या शाळेचे पुढे तोयो विद्यापीठ झाले. बांबूच्या तीन काड्यांवर हात ठेवून आत्म्याला प्रश्न विचारण्याचा ‘कोक्कुरी’ हा खेळ तेव्हा जपानभर पसरला होता. काड्या आत्म्यामुळे नव्हे, तर मनातल्या अपेक्षेमुळे हातांच्या नकळत झालेल्या हालचालींनी हलतात, असे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात तपास कोण करते?

श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये, तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ मध्ये सुरू झाली. त्यांच्या कार्यकर्त्यांकडे सर्वाधिक चर्चेत राहिलेली प्रकरणे भानामतीची. घरावर दगड येणे, कपडे आपोआप फाटणे वा पेटणे, अंगावर फुल्या उमटणे, जेवणात घाण सापडणे, असे हे प्रकार.

कार्यकर्ते आधी घटना कधी, कुठे, कोणासमोर घडल्या याची नोंद करतात. मग घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, शांतपणे बोलतात. बहुतेक वेळा हे करणारे माणूस त्याच घरातले असते. सासरी घुसमटलेली सून, शाळा सुटल्याने खचलेली मुलगी, सतत मार खाणारा मुलगा... ज्यांचे घरात कोणी ऐकत नाही, अशी ही माणसे. म्हणूनच नाव उघड न करण्याची काळजी घेतली जाते. नाव गावभर झाले तर भानामती थांबेल, पण त्या माणसाचे जगणे अवघड होईल. त्रासाचे मूळ सुटावे म्हणून कुटुंबाशी बोलणे आणि गरज असेल तर मानसोपचार, हा तपासाचाच भाग मानला जातो.

कायद्यातील ‘तपासनीस’ कोण?

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे लढले, त्याच्या वटहुकमाला मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी मंजुरी दिली. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. हत्येच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तर तिघांची निर्दोष मुक्तता केली.

या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. तो पोलिस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असतो. गुन्हे शोधणे, ते रोखणे, पुरावे गोळा करणे आणि तक्रारीवर लवकर कारवाई होईल हे पाहणे ही त्याची कामे. भूत आहे की नाही, हे त्याला ठरवायचे नसते. कोणी, कोणाला, काय केले, एवढेच पाहायचे असते.

गुन्हा कशाला म्हणतात?

• भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे

• गुप्तधन किंवा पाण्याच्या शोधासाठी अघोरी कृत्ये, नरबळी

• एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे

• साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे

• चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणे

शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पूजा, वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना कायदा हात लावत नाही. वास्तुशास्त्र आणि ज्योतिषाचा सल्लाही त्यात येत नाही.

अंथुर्णेत असे काही घडले तर?

समजा, उसाच्या फडालगतच्या एखाद्या वस्तीवर रात्री पत्र्यावर दगड पडू लागले. पहिली धाव बहुधा देवऋषाकडे जाते. ‘बाहेरचे आहे’ असे तो सांगतो आणि संशय शेजारच्या एखाद्या एकट्या बाईवर येतो. खरा धोका इथून सुरू होतो. दगडांनी पत्रा फुटतो, आळ मात्र त्या बाईला गावातून उठवू शकतो.

अशा वेळी घटनांची तारीख-वेळ लिहून ठेवावी, शक्य तर मोबाइलवर चित्रण करावे. कोणाचेही नाव घेऊ नये. मारहाण, धमकी किंवा पैशांची मागणी झाल्यास वालचंदनगर पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी. तातडीची मदत ११२ क्रमांकावर मिळते. कारण शोधण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बोलावता येते. आणि ऊसतोडीत कोणाला साप चावला, तर देवऋषाची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. सर्पदंशावरचे प्रतिविष तिथेच मिळते. मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.