धुरी दिलेला मासा: काय टिकतं, काय चढतं

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ या छोट्या बंदरात ‘स्मोकी’ मिळतो. स्मोकी म्हणजे धुरी दिलेला हॅडॉक मासा. २००४ सालापासून त्याला युरोपात भौगोलिक मानांकन आहे. आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरच्या परिसराबाहेर केलेल्या माशाला हे नाव लावता येत नाही. धुरी दिलेला मासा तब्येतीला कसा, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या स्मोकीपासून करावी, कारण त्याच्या कृतीत लपवाछपवी काही नाही.

हॅडॉकचं डोकं काढून, पोट साफ करून मासे मिठात ठेवतात. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं आणि मांस घट्ट होतं. मग दोन-दोन माशांच्या शेपट्या सुतळीने एकत्र बांधून जोड्या काठीवर सुकत टाकतात. पिंपात बीच किंवा ओकसारख्या टणक लाकडाचा विस्तव करून त्यावर या काठ्या आडव्या ठेवतात आणि वरून तागाची ओली पोती झाकतात. पोत्यांमुळे हवा कोंडते, ज्वाळ बसते आणि लाकूड धुमसत राहतं. तासाभराच्या आत मासा वाफेवर आणि धुरावर शिजून निघतो. कातडी तांबूस-सोनेरी होते, आतलं मांस मात्र पांढरं आणि रसदार राहतं.

लाकडातलं लिग्निन तापलं की त्यातून ग्वायकॉलसारखी फिनॉल गटातली द्रव्यं सुटतात. आपल्याला येतो तो धुराचा वास त्यांचाच. धुरातली आणखी काही द्रव्यं माशाच्या प्रथिनांशी संयोग पावतात, त्यामुळे रंग चढतो. फिनॉलमुळे चरबी लवकर खवट होत नाही आणि वरवरचे जंतूही थोडेफार आवरले जातात. पण मासा टिकवण्याचं श्रेय धुराला गरजेपेक्षा जास्त मिळतं. खरं काम मीठ आणि कोरडेपणा करतात. कोकणात खारा बांगडा, सुके बोंबील, सुकट हे सगळं धुराशिवाय टिकतं, कारण तिथे ऊन आहे. उत्तर समुद्राकाठी उन्हाचा भरवसा नाही, म्हणून विस्तव आला. पूर्वी मीठ भरपूर आणि धुरी दिवसचे दिवस असे. फ्रीज आल्यावर दोन्ही चवीपुरते उरले. त्यामुळे आजचा धुरी दिलेला मासा सुक्या मासळीसारखा डब्यात भरून ठेवण्याचा माल नव्हे. तो नाशवंतच आहे.

आता ताटात काय पडतं ते पाहू. १०० ग्रॅम धुरी दिलेल्या हॅडॉकमध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, कारण पाणी उडाल्याने ती दाटतात. चरबी मात्र जेमतेम एक ग्रॅम. हा मासा चरबी यकृतात साठवतो, त्यामुळे ओमेगा-३ हवं असेल तर हॅडॉक उपयोगाचा नाही. त्यासाठी ‘किपर’, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, किंवा मॅकरेल घ्यावा. मॅकरेल आपल्या बांगड्याच्याच कुळातला, आणि इंग्लंडातल्या सुपरमार्केटमध्ये धुरी देऊन पाकिटात सहज मिळतो. या माशांची चरबी अंगभर असते. १०० ग्रॅम किपरमधून दोन ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, शिवाय ब-१२ आणि ड जीवनसत्त्व. धुरीने या ठेव्याला फारसा धक्का लागत नाही.

धक्का लागतो तो मिठाच्या हिशेबाला. त्याच १०० ग्रॅम हॅडॉकमध्ये साधारण ७५० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमच्या जवळपास मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमची. मिठात मुरवलेल्या सॅल्मनचे काही प्रकार तर १०० ग्रॅममध्येच ती संपवतात. लोक धुराला भितात आणि मिठाकडे काणाडोळा करतात. माझ्या मते रक्तदाब असलेल्यांनी आधी मिठाला भ्यावं.

तरी धूरही निर्दोष नाही. लाकूड फार तापलं किंवा माशाची चरबी थेट विस्तवावर ठिबकली, की बेंझोपायरीन आणि त्याच्या जातीची द्रव्यं वाढतात. बेंझोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. युरोपने धुरी दिलेल्या माशातली त्याची मर्यादा २०१४ मध्ये किलोमागे पाच मायक्रोग्रॅमवरून दोनवर आणली. पश्चिम आफ्रिकेत असा मासा रोजच्या जेवणातला, आणि जुन्या भट्ट्यांत विस्तव माशाच्या थेट खाली. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सेनेगलमधल्या एका प्रशिक्षण संस्थेबरोबर थियारॉय पद्धतीची भट्टी तयार केली. तिच्यात ठिबकणारी चरबी ताटात धरली जाते आणि धूर वेगळा तयार करून, गाळून माशावर सोडतात. घरच्या पातळीवरचा उपाय सोपा आहे: ही द्रव्यं मुख्यतः कातडीवर बसतात, तेव्हा कातडी सोलून टाकावी.

स्मोकीची धुरी गरम, तिच्यात मासा शिजतो. सॅल्मनच्या पातळ, गुलाबी, अर्धपारदर्शक चकत्या मिळतात त्या थंड धुरीच्या. धुराचं तापमान साधारण ३० अंशांच्या आत ठेवतात, म्हणजे मासा कच्चाच राहतो. लिस्टेरिया नावाचा जिवाणू त्यात जगू शकतो आणि फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. निरोगी माणसाला तो सहसा जाचत नाही, पण गरोदरपणात गर्भपात किंवा मृत बाळ जन्मण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणा गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना थंड धुरीचा मासा न शिजवता खाऊ नका, असं बजावतात.

तेव्हा हा मासा तोंडी लावण्यापुरता, अधूनमधून खावा. रोजच्या कालवणासाठी ताजी मासळीच बरी. पाकीट घेताना ‘हॉट स्मोक्ड’ की ‘कोल्ड स्मोक्ड’ आणि मीठ किती, एवढं वाचा. घरात कोणी गरोदर असेल तर कोल्ड स्मोक्डच्या चकत्या आतपर्यंत वाफाळेस्तोवर शिजवल्याशिवाय वाढू नका.