विमान शिकणाऱ्या मुलांनी उन्हाळा कसा सांभाळावा?

बीड जिल्ह्यात एप्रिल लागला की दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा 40 च्या पुढे जातो. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, तरी आपल्या घरांतही आता बारावी सायन्सनंतर 'पायलट व्हायचंय' म्हणणारी मुलं-मुली दिसू लागली आहेत. प्रशिक्षणासाठी बारामती किंवा विदर्भातलं गोंदिया अशी ठिकाणं आहेत. दोन्हीकडे उन्हाळा कडकच. खर्च, परीक्षा, मेडिकल याची चौकशी सगळे करतात. उन्हाची मात्र कुणी करत नाही. म्हणून आज त्यावर थोडं.

वर गेलं की थंड वाटतं ना?

वाटतं, पण लगेच नाही. साधारण 1000 फूट वर गेलं की तापमान 2 अंशांनी उतरतं. म्हणजे खाली 42 असेल तर 5000 फूट वर अंदाजे 32. पण नवीन विद्यार्थी बहुतेक वेळ धावपट्टीभोवती चकरा मारत उड्डाण आणि उतरण्याचा सराव करतो. ही चक्कर जमिनीपासून सुमारे 1000 फुटांवर असते. फायदा झालाच तर 2 अंशांचा!

त्यात सेस्ना 172 सारख्या छोट्या शिकाऊ विमानांत सहसा एसी नसतो. एसीचं वजन आणि त्याला लागणारी ताकद छोट्या इंजिनाला जड जाते. चारी बाजूंनी काच असल्यामुळे उन्हात उभं केलेलं विमान आतून बंद कारसारखं तापतं.

विमानालाही ऊन लागतं

हवा तापली की विरळ होते. बीड समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटर उंच आहे. इतक्या उंचीच्या ठिकाणी 42 अंशांच्या दुपारी विमानाला हवा 5000 फुटांहून जास्त उंचावरच्या हवेसारखी वाटते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, धावपट्टी जास्त लागते आणि विमान हळूहळू चढतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेमुळे धक्के बसतात, मळमळ होते. ज्या हवेने शेतात वावटळ उठते, तीच ही हवा.

म्हणून उन्हाळ्यात उड्डाणाची खरी वेळ म्हणजे सकाळ. फजरची नमाज झाली, उजाडलं की निघावं आणि ऊन चढायच्या आत उतरावं.

काय करावं?

- विमान सावलीत ठेवावं. ते जमत नसेल तर काचेवर आतून चमकदार पडदा लावावा.
- सगळी तपासणी बाहेर सावलीत उरकून मगच आत बसावं. जमिनीवर असताना खिडकी उघडी ठेवावी, उड्डाणाआधी सूचनांप्रमाणे बंद करावी. हवेचे झरोके पूर्ण उघडावेत.
- सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घालावेत. स्कार्फ घेणाऱ्या मुलींनी पातळ सुती कापड घ्यावं, म्हणजे हेडसेटही नीट बसतो.
- आदल्या रात्रीपासून थोडं थोडं पाणी प्यावं. बाटली हाताशी ठेवावी. घाम जास्त गेला तर ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी घ्यावं. नुसत्या चहावर भागत नाही.

छोट्या विमानात टॉयलेट नसतं, म्हणून बरीच मुलं, विशेषतः मुली, पाणी पिणंच टाळतात. हे सगळ्यात धोक्याचं. शरीरातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, चक्कर येते, चिडचिड होते, रेडिओवरचं बोलणं नीट कळत नाही. आणि जमीन जवळ असताना एक चूकही महागात पडते. त्यामुळे उड्डाण छोटं ठेवावं, निघण्याआधी टॉयलेटला जाऊन यावं, पण पाणी सोडू नये.

रोजा असेल तर?

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि मराठवाड्यात मार्चचं ऊन काही साधं नसतं. कुरआनात आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. सरावाचं उड्डाण त्यात बसतं का, हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं. रोजा ठेवायचाच असेल तर प्रशिक्षकाला आधी सांगावं, सेहरीत भरपूर पाणी घ्यावं आणि फक्त सकाळचं उड्डाण मागावं. थकवा जाणवला तर त्या दिवशी विमानात बसू नये. प्रशिक्षकाचाही जीव आपल्या हातात असतो.

पालकांसाठी एक गोष्ट

व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं आणि तासाला हजारो रुपये जातात. अब्बूंनी शेत विकलं, अम्मीने दागिने मोडले, हे मुलांच्या डोक्यात असतं. म्हणून अंगात ताप असतानाही 'आजचा तास बुडायला नको' म्हणत ती विमानात बसतात. हैदराबादच्या बेकरी कामगाराची मुलगी सय्यदा सलवा फातिमा यांनीही सुरुवात छोट्या सेस्नावरूनच केली होती. स्वप्न मोठं असलं तरी एका दिवसाने ते लांबत नाही.

तेव्हा फोनवर 'किती तास झाले?' विचारण्याआधी 'पाणी प्यालास का? बरं वाटत नसेल तर आज नको उडूस' एवढं जरूर म्हणा. घरून हे ऐकलं की नाही म्हणायला मुलाला धीर येतो.